‘पॉइंटां’चे कोकण

अभ्याससहलीचे अहवाल तपासणे हे मराठीच्या अध्यापकाच्या वाट्याला येणारे बहुधा सर्वांत निरुपद्रवी काम असावे. त्यात कॉपी नसते, गाइडमधली उत्तरे नसतात, आणि कुणी नापासही होत नाही. आमच्या विभागाची सहल गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीला गेली. शनिवारी पहाटे निगडीहून निघून रविवारी मध्यरात्री परत, असा सगळा मामला. पुढच्या आठवड्यात अहवालांचा गठ्ठा टेबलावर आला. आम्ही दोघांनी तो वाटून घेतला, वाचला, गुण दिले आणि विसरून गेलो. त्या गठ्ठ्यातल्या जवळजवळ प्रत्येक अहवालात ‘निसर्गरम्य’ हा शब्द होता. बहुतेकांत पहिल्याच वाक्यात. त्या वेळी आम्हाला त्यात काही खटकले नाही. खटकले ते पुढे चार महिन्यांनी, एका तोंडी परीक्षेत. ती हकीकत यथावकाश येईलच. या लेखातला राग आधी स्वतःवर आहे, मग इतरांवर, एवढे मात्र आरंभीच सांगून ठेवलेले बरे.

आमचा आक्षेप सहलीला नाही. सहा दिवस यंत्राजवळ किंवा फळ्याजवळ उभे राहिलेल्या माणसाला दोन दिवस समुद्रासमोर बसावेसे वाटले, तर त्यात गैर काय? (दोन दिवस हाही आमच्या पट्ट्यात एक लाक्षणिक शब्द आहे. भोसरी-चिंचवडच्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी वीजपुरवठ्याच्या नियोजनापायी गुरुवारी असते. ‘वीकेंड’ नावाची वस्तू येथे हिंजवडीच्या बाजूने आली. कंत्राटी कामगाराला तर दोन दिवस जायचे म्हणजे दोन दिवसांचा पगार सोडून जायचे.) आक्षेप आहे तो या सहलीसाठी आपण जी भाषा घडवली आहे तिला, रविवारच्या पुरवण्यांतून, प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांतून आणि, खेदाने म्हणावे लागते, मराठी विभागांच्या वर्गांतूनही जी तयार होऊन बाहेर पडते तिला. ही भाषा पाहायला शिकवत नाही. काय पाहायचे नाही, ते मात्र ती फार नेमकेपणाने शिकवते.

तिचे एकक आहे ‘पॉइंट’. थिबा पॉइंट, सनसेट पॉइंट, आणि अलीकडे सेल्फी पॉइंट. पॉइंट म्हणजे जेथे उभे राहिले असता माणसे दिसत नाहीत ती जागा, अशी त्याची व्याख्या करायला हरकत नाही. रत्नदुर्गाच्या तटावरून आमचे विद्यार्थी समुद्राची छायाचित्रे घेत होते. त्याच तटावरून दुसऱ्या बाजूला मिरकरवाड्याचे बंदर दिसते: शेकडो नौका, जाळी, बर्फ, डिझेल, माशांचा वास आणि त्या वासात उभे असलेले शहर. जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा या नौकांवरची माणसे कोठे जातात? त्यांतली कितीतरी माणसे नेपाळहून का येतात? पर्ससीन जाळ्यांवरून पारंपरिक मच्छीमार आणि नौकामालक यांच्यात वर्षानुवर्षे कसला झगडा चालला आहे? रत्नागिरी आज ज्यावर जगते त्याचा मोठा भाग त्या बाजूला आहे. एकाही अहवालात मिरकरवाडा नव्हता. कारण तो ‘बघण्यासारखा’ नव्हता; आणि तो तसा नाही, हे त्यांना आम्हीच शिकवले होते. वेळापत्रक आम्ही केले होते.

थिबा राजवाड्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून पदच्युत करून आधी मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणले. १९१० साली पुरा झालेल्या या वाड्यात त्याला अवघी सहा वर्षे लाभली. १९१६च्या डिसेंबरात तो येथेच वारला. सुमारे तीस वर्षांच्या नजरकैदेतला हा शेवटचा मुक्काम. शेवटच्या मुघल बादशहाला रंगूनला आणि शेवटच्या ब्रह्मी राजाला रत्नागिरीला, असा हा साम्राज्याचा हिशेबी अदलाबदलीचा व्यवहार होता. १९२४ साली सावरकरांनाही याच जिल्ह्यात स्थानबद्ध केले गेले आणि १९३७पर्यंत जिल्ह्याबाहेर पाऊल टाकण्यास मनाई होती. त्या काळात या शहरात जे घडले त्याची खूण म्हणून भागोजीशेठ कीरांनी १९३१ साली उभारलेले पतितपावन मंदिर आजही उभे आहे. साम्राज्याने रत्नागिरीच का निवडावी? ती दूर होती, आडबाजूची होती, घाट आणि समुद्र यांच्या मध्ये कोंडलेली होती, म्हणून. आणि आपण तिला सहलीसाठी का निवडतो? नेमक्या त्याच कारणासाठी. ज्या दूरपणामुळे ती कैदखाना झाली, तोच दूरपणा आपल्या पत्रकात ‘शहराच्या गजबजाटापासून दूर’ या शब्दांत विकला जातो. थिबा पॉइंटवरून आम्ही सगळ्यांनी सूर्यास्त पाहिला. फारच सुंदर होता, हे खरेच.

थिबाच्या थोरल्या मुलीला वाड्यावरच्याच एका मराठी नोकरापासून मुलगी झाली. टुटू तिचे नाव. राजाची ही नात रत्नागिरीतच वाढली, रत्नागिरीतच संसार केला, गरिबीत जगली, मराठी बोलली आणि २००० साली रत्नागिरीतच वारली. म्हणजे मंडालेचे राजघराणे आपल्या हयातीत, आपल्या डोळ्यांसमोर, मराठी गरिबांत विरघळून गेले. याहून मोठा कथाविषय कोणता हवा? त्याच वर्षी अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ प्रसिद्ध झाली आणि इंग्रजी वाचकांच्या जगात रत्नागिरीला नवे स्थान मिळाले. आमच्या विद्यार्थ्यांच्या अहवालात थिबाविषयी जे होते ते असे: वाडा लाल रंगाचा आहे, लाकडी नक्षीकाम सुंदर आहे, आत वस्तुसंग्रहालय आहे.

आता आम्ही स्वतःच्या अंगणात येतो. ही दृष्टी विद्यार्थ्यांनी कोठून आणली? प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आपण गेली कित्येक दशके ज्या रीतीने शिकवत आलो, तेथून. अनंत काणेकर आणि पु. ल. देशपांडे; मग लेखकाच्या निरीक्षणशक्तीची उदाहरणे द्या, भाषाशैलीचे विशेष सांगा, स्थलवर्णनातील चित्रमयता स्पष्ट करा. काणेकर-पुलंना आम्ही कमी लेखत नाही. पण या अध्यापनातून विद्यार्थ्याच्या मनावर ठसते ते असे, की प्रवास म्हणजे पोटापाण्याची भ्रांत नसलेल्या माणसाने कुतूहलापोटी केलेले भ्रमण, आणि प्रवासवर्णन म्हणजे त्या भ्रमणाचे प्रसन्न निवेदन.

मराठी परंपरा मात्र असे सांगत नाही. गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ हे मराठी प्रवासवर्णनाचे आद्य वैभव आपण मानतो. वरसईचे हे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते देखावे पाहण्यासाठी नव्हे. घरावर कर्ज होते आणि उत्तरेत मोठ्या यज्ञाची दक्षिणा मिळण्याची वार्ता आली होती, म्हणून ते निघाले. वाटेत बंड भेटले. गरजेपोटी बाहेर पडलेल्या माणसाला जग जसे दिसते तसे ते त्या पुस्तकात दिसते, म्हणून ते अजून वाचवते. अण्णा भाऊ साठ्यांचा ‘माझा रशियाचा प्रवास’ही आरामात वाढलेल्या माणसाचा नाही, तो गिरणगावातून, कामगारांच्या वस्तीतून निघालेल्या माणसाचा आहे. अन् ज्या गावांच्या हद्दीत आमचे वर्ग भरतात त्या देहू-आळंदीच्या वाटेवर शतकानुशतके लोक चालत आले आहेत, त्या चालण्याला आपण प्रवास म्हणत नाही. चाकरमान्याचा गणपतीला गावी जाणारा रात्रभरचा प्रवास, मोडक्या महामार्गावर खाल्लेले धक्के (मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि दहा वर्षे उलटली तरी संपले नव्हते), हे तर प्रवासवर्णनाच्या कक्षेतच येत नाही. थोडक्यात, गरजेचा प्रवास आपण वाङ्मयाबाहेर काढला आणि चैनीचा तेवढा आत ठेवला.

पुलंचा विषय निघालाच आहे तर अंतू बर्व्याविषयी बोलणे भाग आहे. रत्नागिरीच्या मधल्या आळीतला हा वृद्ध मराठी वाचकाच्या मनात इतका पक्का बसला आहे, की पुण्याकडून जाणारा प्रवासी आजही रत्नागिरीत त्याला शोधत असतो. खानावळीत कुणी तिरकस बोलले, रिक्षावाल्याने खवचट उत्तर दिले, की लगेच ‘काय हो, अंतू बर्वाच की!’ असे म्हणून कौतुक करायचे. आमच्या बसमध्येही हे झाले, आणि आम्हीही हसलो. वस्तुतः ‘व्यक्ती आणि वल्ली’ हे पुस्तक आले १९६२ साली, आणि त्यातला अंतू हा दारिद्र्याने आणि एकाकीपणाने आतून पोखरलेला माणूस आहे. त्याची तिरकस वाणी ही त्या दारिद्र्याची ढाल आहे. पुलंनी ती ढाल दाखवली आणि तिच्यामागचा माणूसही दाखवला. आपण ढाल उचलून घरी आणली. चांगल्या साहित्याचाही पॉइंट करता येतो, तो असा.

हेच मालगुंडला झाले. केशवसुतांचे जन्मगाव, कोकण मराठी साहित्य परिषदेच्या पुढाकाराने तेथे स्मारक उभे राहिले आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मराठी कवितेसाठी एवढी आस्था दाखवणारी जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल. आमच्या वेळापत्रकात तिला पाऊण तास होता, गणपतीपुळ्याचे दर्शन आणि दुपारचे जेवण यांच्या मध्ये. मुलांनी शिळांवर कोरलेल्या कवितांजवळ उभे राहून छायाचित्रे काढली. पण केशवसुत मालगुंडला राहिले किती? शिक्षणासाठी आणि पुढे तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्यांसाठी ते बडोदा, नागपूर, पुणे, मुंबई, खानदेश, धारवाड असे भटकत राहिले आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. म्हणजे आधुनिक मराठी कवितेचा जनक हा कोकण सोडून गेलेल्यांपैकीच एक. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून त्यांनी जी कविता लिहिली तिच्यातले कोकण समोर पाहिलेले नाही. दूर राहून आठवलेले आहे. हे वर्गात आम्ही शिकवतो. तेथे, त्या घराच्या ओटीवर, ते सांगायला आम्हाला वेळ झाला नाही, कारण जेवणाची वेळ टळत होती.

येथवर वाचून काही मित्र म्हणतील, की हा प्राध्यापकी त्रागा झाला. कोकणाचे सौंदर्य हे काही पुरवणीवाल्यांनी निर्माण केलेले नाही, ते आहेच, मग ते पाहणाऱ्याला अपराधी का वाटावे? शिवाय पर्यटनाने तेथल्या लोकांना चार पैसे मिळतात. घरगुती खानावळी, न्याहारी-निवासाच्या सोयी, नौकाविहार यांतून पुष्कळ घरे उभी राहिली आहेत. हा आक्षेप हलका नाही. ज्या घरी आम्ही रविवारी जेवलो त्या बाईंनी स्पष्ट सांगितले, की तुमच्यासारख्यांच्या बशी आल्या नाहीत तर मुलगाही मुंबईला जाईल. त्यांच्यापुढे ‘निसर्गरम्य’ या शब्दाची चिकित्सा करण्याची आमची छाती नव्हती, आणि आजही नाही.

पण त्याच बाईंच्या वाक्यात आमचे उत्तरही आहे. मुलगा ‘जाईल’. कोकणात सौंदर्य आणि जाणे यांचा संबंध आहे, आणि तो आपण लपवतो. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर आली. भारतभर माणसे वाढत असता हा जिल्हा घटला. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. म्हणजे पुरुष कामासाठी बाहेर. त्याच दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या सुमारे १० लाख १२ हजारांवरून १७ लाख २७ हजारांवर गेली. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. रत्नागिरीची सगळी माणसे आमच्याकडेच आली असे कोणी म्हणणार नाही. आमच्याकडे मराठवाडा आहे, विदर्भ आहे, बिहारही आहे. पण तेथली शांतता आणि येथली गर्दी ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. आपल्याला जी निवांत वाडी, बंद कौलारू घरे आणि निर्मनुष्य किनारा इतका मोहवतो, त्या निवांतपणाची किंमत कुणीतरी भोसरीच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहून मोजत असतो.

आणि या पट्ट्यातल्या आपणा लोकांचे ढोंग तर आणखीच मासलेवाईक आहे. रत्नागिरीहून पावसला जाताना गोळप-रनपारच्या बाजूला फिनोलेक्सचा प्रकल्प लागतो. त्याच नावाचा केबलचा कारखाना पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्यावर आहे. आमच्यातल्या कित्येकांच्या घरात त्या रस्त्याने भाकरी आली. बसमध्ये मात्र तो प्रकल्प दिसताच ‘अरेरे, इथे पण?’ असा सूर निघाला, आणि ज्यांनी मोबाइल बाहेर काढले होते त्यांनी तो चौकटीत येणार नाही अशा बेताने काढला. कारखान्यावर जगणाऱ्यांनी दुसऱ्याच्या दारी कारखाना नसावा अशी अपेक्षा धरायची, आणि त्याचे कारण काय, तर आपली रविवारची दृष्टी विटाळू नये! तेथल्या लोकांना तो हवा की नको, कोणत्या अटींवर हवा, हा प्रश्न मनात येतच नाही.

तेथल्या लोकांनी तो प्रश्न वेळोवेळी स्वतःच विचारलेला आहे. १९९०च्या दशकाच्या आरंभी रत्नागिरीजवळ स्टरलाइट कंपनीचा तांबे शुद्धीकरणाचा प्रकल्प उभा राहू लागला होता. बागायतदार आणि मच्छीमार रस्त्यावर उतरले, १९९३ साली काम थांबले आणि प्रकल्प तमिळनाडूत तुतिकोरीनला गेला. २०१८च्या मे महिन्यात तेथे त्याच प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि १३ माणसे मेली. रत्नागिरीकरांनी पंचवीस वर्षे आधी काय ओळखले होते, याचे असे भीषण प्रत्यंतर क्वचितच येते. जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरुद्ध २०११च्या एप्रिलमध्ये साखरी नाटे येथे गोळीबारात एक जण मारला गेला. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादनाची अधिसूचना २०१९ साली मागे घ्यावी लागली. मग तोच प्रकल्प बारसू-सोलगावकडे वळला आणि २०२३च्या एप्रिलमध्ये तेथे माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या बायकाबापड्या भर उन्हात कातळावर बसून राहिल्या. रत्नागिरी हे लढणारे ठिकाण आहे. आपल्या सहलींना त्याचा पत्ता नाही.

येथे भाषेचा प्रश्न पुन्हा येतो, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो टाळता येणार नाही. बारसूचा तो कातळ, कोकणीत ज्याला सडा म्हणतात तो, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात डोळ्यांना काहीच देत नाही. काळा जांभा, वाळके गवत, सावलीला झाड नाही. प्रवासी लेखकाच्या लेखी तो ‘ओसाड’, शासकीय कागदात तो ‘पडीक’. पावसाळ्यात त्याच सड्यावर रानफुलांचे गालिचे उमलतात, गुरे चरतात, गवत कापले जाते, आणि त्यात मुरलेल्या पाण्यावर खालच्या वाड्यांच्या विहिरी जगतात. त्याच सड्यांवर प्राचीन माणसाने हत्ती, मासे, मानवाकृती कोरून ठेवल्या आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू इत्यादी ठिकाणची ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशांच्या यादीत गेली, आणि पुढच्याच वर्षी त्यांतल्या बारसूच्या सड्यावर प्रकल्पासाठी भोके पाडणे सुरू झाले. एकदा ‘निसर्गरम्य’ हेच भूमीचे मूल्य ठरले, की जी भूमी निसर्गरम्य नाही ती रिकामी ठरते. आणि रिकाम्या जागेवर काहीही उभारता येते. किनाऱ्याचे कौतुक करणारा लेख आणि सड्याला पडीक म्हणणारी फाइल ही एकाच डोळ्याने लिहिलेली असतात. विशेषण निरुपद्रवी असते, असे आम्ही या लेखाच्या पहिल्या वाक्यात जवळजवळ म्हटलेच होते. ते मागे घेतो.

आता ती तोंडी परीक्षा.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. वडील भोसरीत एका वर्कशॉपमध्ये टर्नर. नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर, तिला मोकळे वाटावे म्हणून, आम्ही सहज विचारले, ‘कोकण पहिल्यांदाच पाहिलंस ना?’

ती म्हणाली, ‘हो सर. म्हणजे कोकण पहिल्यांदाच पाहिलं. गावाला दरवर्षी जाते.’

‘गाव कुठलं तुझं?’

‘साखरप्याच्या पुढे, सर. आपली बस थांबली होती ना तिथे, तिथून आत सात किलोमीटर.’

तेव्हा आठवले. आंबा घाट उतरून साखरप्याला बस पाच मिनिटे थांबली होती. पुणे-कोल्हापूर रस्त्याच्या कामांमुळे आधीच उशीर झालेला, थिबा पॉइंटचा सूर्यास्त चुकणार म्हणून आम्ही घाईला आलेलो. फाट्यावर एक गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते. ही मुलगी खाली उतरली, त्यांच्या पाया पडली, दोन शब्द बोलली. आम्ही दारातून, ‘आवर गं, लवकर,’ म्हणून ओरडलो. ती पिशवी घेऊन वर आली. ते तिचे काका होते. बस येण्याची वेळ नक्की नसल्याने दुपारी अकरापासून तेथे उभे होते. पिशवीत उकडे तांदूळ आणि कुळथाचे पीठ होते. तिच्या वडिलांसाठी.

आम्ही तिचा अहवाल पुन्हा काढून पाहिला. शुद्धलेखन उत्तम, परिच्छेदरचना नेटकी. निसर्गरम्य कोकण, अथांग सागर, लाल माती. काका नव्हते, साखरपा नव्हता, पिशवी नव्हती. त्याला आम्ही वीसपैकी सतरा गुण दिले होते. वर्गात सर्वांत जास्त. आम्ही तिला विचारले, की हे का नाही लिहिलेस? ती जरा गोंधळली आणि म्हणाली, ‘ते सहलीत नव्हतं ना, सर.’

या वाक्याला उत्तर नाही. ती खोटे बोलत नव्हती आणि लाजतही नव्हती. आम्ही पाच वर्षे जे शिकवले ते तिने अचूक आत्मसात केले होते: जे आपले आहे ते लिहिण्याजोगे नसते; जे पाहायला आपण पैसे भरून जातो ते लिहिण्याजोगे असते. कोकण म्हणजे कोकण, आणि गाव म्हणजे गाव. ज्या मुलीच्या घरात तो जिल्हा रोज शिजतो, तिला आम्ही तो बसच्या खिडकीतून परक्यासारखा दाखवला आणि परक्यासारखा लिहायला लावला. ग्रामीण, दलित, जनवादी अशा किती साहित्यचळवळींचा इतिहास आम्ही त्याच वर्गात त्याच मुलीला शिकवला! अनुभवाच्या प्रामाणिकपणावर व्याख्याने दिली. आणि प्रत्यक्ष अनुभव साखरप्याच्या फाट्यावर पिशवी घेऊन उभा राहिला तेव्हा आम्ही त्याला ‘लवकर’ म्हणालो.

आमच्या व्यवसायबंधूंना आमचे सांगणे एवढेच, की अभ्याससहलीचा ‘अभ्यास’ हा शब्द आपण वाचवावा किंवा सरळ गाळून टाकावा. रत्नागिरीत १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय आहे. आपल्यापैकी किती विभागांनी विद्यार्थ्यांना त्याची पायरी दाखवली? याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे गाव; ‘रत्नांची खाण’ म्हणून जी नावे आपण बसमध्ये माइकवर घेतो त्यांत ते शेवटी येते, आणि सहलीच्या वाटेवर तर येतच नाही. या शहरात १९९० साली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. आमच्या पिंपरी-चिंचवडला ते २०१६ साली भरले. दोन्हीकडच्या मंडपांत परिसंवाद झाले असतील. पण तेथून येथे येणाऱ्या माणसाविषयी मराठी विभाग म्हणून आपण काय केले, याचा हिशेब कुणी मागितला तर आमच्याजवळ दाखवायला एका वर्गाचे चौतीस अहवाल आहेत.

या वर्षीच्या सहलीचे वेळापत्रक ठरवायला बसवाले गेल्या आठवड्यात येऊन गेले. आम्ही त्यांना सांगितले, की साखरप्याला दीड तास थांबायचे आहे. त्यांनी वहीत पाहिले आणि विचारले, ‘तिथे पाहण्यासारखं काय आहे, सर?’ आम्ही म्हणालो, एका विद्यार्थिनीचे काका आहेत. त्यांच्याकडून सड्याविषयी ऐकायचे आहे. ते थोडा वेळ थांबले, मग मान हलवून त्यांनी लिहून घेतले. संध्याकाळी छापील पत्रक मोबाइलवर आले. साखरपा, दुपारी दोन ते साडेतीन. आणि पुढे कंसात, चहापान.